दारावरचा प्रश्न

२ सप्टेंबर, सोमवार

आज कामावर रुजू झालो. नवी वही, नवी खोली, नवे काम, म्हणून पहिले पान ठळक अक्षरात लिहितो. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखनात वर्गात माझ्या पुढे कोणी नव्हते. एखादा शब्द चुकला तर खोडण्यापेक्षा मी पानच पुन्हा लिहितो. आई म्हणते, तुझ्या निम्म्या वह्या त्यातच संपल्या.

प्रार्थनामंदिराच्या मागे आम्हा दोघांना खोली मिळाली आहे. दोन खाटा, एक टेबल, पूर्वेला खिडकी आणि चक्क न गळणारा नळ. आईने हात फिरवून सगळ्या भिंती तपासल्या, पावले मोजली आणि म्हणाली, अरे, हा तर राजवाडा आहे. तिला फक्त उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो. डोळ्यांमागची नस सुकली आहे, गेलेले परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मी लग्नाचे, परगावचे, कशाचेच नाव काढत नाही ते त्यामुळे. तिच्या डोळ्यांच्या जागी मी आहे.

कामाचे नाव दारवान. बाके पुसायची, दार उघडायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. काम शिंपीकाकांनी समजावले. ते मंडळीतले सर्वांत जुने सभासद. समोरच त्यांचे दुकान आहे, गळ्यात सदा मापाची फीत. हा नियम थोरल्या पाळकांचा, म्हणजे गेल्या वर्षी वारलेल्या पाळकांचा. त्यांची शिकवण अशी, की शेवटल्या काळात फसवणारा येईल तो शिंगे मिरवत येणार नाही. तेजस्वी देवदूताचे रूप घेऊन येईल, शास्त्र तोंडपाठ म्हणेल, आजारी बरे करील, देवाने निवडलेले लोकही भुलतील. पण एक वाक्य त्याच्या जिभेवरून कधी उतरणार नाही. म्हणून प्रत्येकाला, दर वेळी, ते वाक्य म्हणायला लावायचे. नुसते हो चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. वाक्य पूर्ण झाले की रजिस्टरात नावापुढे बरोबरची खूण करायची आणि मग आत सोडायचे. सकाळी दार उघडताना दारवानाने उंबऱ्यावर उभे राहून ते आधी स्वतः म्हणायचे.

वाक्य असे आहे:

येशू ख्रिस्त देहधारी होऊन आला आणि तोच माझा प्रभू आहे.

आईने मला बोलायला शिकवले तेव्हाच हे शिकवले होते. काकांनी विचारताच मी एका दमात म्हटले. ते म्हणाले, सावकाश रे, गाडी चुकते आहे का तुझी.

४ सप्टेंबर, बुधवार

मंदिर मोठे नाही. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ बाके. डाव्या भिंतीवर थोरल्या पाळकांनी पाट्या रंगवणाऱ्याकडून बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकातली चित्रे काढून घेतली आहेत. समुद्रातून वर येणारे सात डोक्यांचे श्वापद आहे. सातही तोंडे एका माणसाची, बहुधा रंगाऱ्याने ओळखीचाच कोणी समोर बसवला असावा. अगदी खालच्या कोपऱ्यात एक लहानसे कोकरू आहे, दोन इवली शिंगे असलेले. मी विचारले, हे इथे का. शिंपीकाका म्हणाले, लोक त्या सात तोंडांना घाबरतात. घाबरायचे आहे ते याला. हे दिसते कोकरू, पण तोंड उघडले की अजगर बोलतो.

आज सध्याच्या पाळकांची भेट झाली. ते मंदिराच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात, जिना आतूनच आहे. पन्नाशीचे असतील. इतक्या मायेने कोणी माझ्याशी बोलल्याचे आठवत नाही. माझे अक्षर पाहून म्हणाले, असे अक्षर असलेला माणूस खोटे लिहूच शकत नाही. गुडघ्यांमुळे ते बाहेर पडत नाहीत.

ते वर गेल्यावर बाकावर बसलेली आई म्हणाली, या माणसाच्या पायांचा आवाज कसा येत नाही? जिना लाकडी आहे ना? मी म्हटले, हळू चालतात. ती म्हणाली, हळू चालणाऱ्याचाही येतो.

८ सप्टेंबर, रविवार

माझा पहिला रविवार. एकसष्ट माणसे आली, एकसष्ट खुणा झाल्या. एकही खूण रेघेबाहेर गेली नाही. नर्सबाई पाठ धरून वाकतच आल्या आणि म्हणाल्या, रात्रपाळी करून आलेय, चटकन विचार, नाहीतर इथेच आडवी होईन. शिंपीकाकांनी वाक्य म्हटले आणि वर विचारले, पास का नापास? आईलाही विचारले. तिने काठी बाजूला ठेवून, ताठ उभे राहून वाक्य म्हटले.

पाळकांचा उपदेश उजेडावर होता. भीती ही जुनी शिकवण, असे म्हणाले. ज्याला सतत फसण्याची भीती असते त्याला आनंद दिसत नाही. पुष्कळांनी डोळे पुसले.

११ सप्टेंबर, बुधवार

पाळकांनी आईच्या डोळ्यांची सगळी हकिकत विचारून घेतली. म्हणाले, डॉक्टरांनी त्यांचे सांगितले, आता मी रविवारी प्रार्थना करीन. आईला फारसे पटले नाही. तिला त्यांच्या अंगाला कसलाच वास येत नाही म्हणे. साबणाचा नाही, घामाचा नाही, चहाचा नाही. मी थोडा रागावलो. माणूस चांगला आहे याचाही आता वास यायला हवा का?

१५ सप्टेंबर, रविवार

हे पान मी तीनदा लिहिले, शब्द चुकत होते म्हणून.

उपासनेनंतर पाळकांनी आईच्या डोळ्यांवर तळवे ठेवले. तोंडातल्या तोंडात काही म्हणाले, मला शब्द कळले नाहीत. हात काढले तेव्हा आईने माझ्याकडे पाहिले. माझ्या आवाजाकडे नव्हे, माझ्याकडे. म्हणाली, तुला मिशा कधी आल्या?

संध्याकाळी तिने सुईत दोरा ओवला. पुन्हा काढला, पुन्हा ओवला. असा तासभर तिचा खेळ चालला होता. मी समोर बसून रडलो. सहा वर्षांनी आईने मला पाहिले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आभार मानायला वर गेलो. पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणापासून माझ्या छातीत एक धाकधूक असते: कुलूप लावले का, नळ बंद केला का, शब्द बरोबर लिहिला का. ती थांबली. खाली येऊन मी दुपारभर झोपलो, दार उघडे टाकून.

त्यांच्या खोलीत चूल, भांडे, पाण्याचा माठ, काहीच दिसले नाही. कोणीतरी डबा देत असेल.

२२ सप्टेंबर, रविवार

आज एक गोष्ट घडली, ती जशीच्या तशी लिहितो.

आई बाजारातून थेट उपासनेला आली. हातात काठी नाही, डोके वर. मी रजिस्टर उघडून नेहमीप्रमाणे प्रश्न विचारला. ती हसली. म्हणाली, आईला ओळख विचारतोस होय रे? मागचे लोकही हसले. मी थांबलो. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि आत गेली. मी खूण केली.

तिने वाक्य म्हटले नाही. मी खूण केली.

नर्सबाईंची पाठही गेल्या आठवड्यात पाळकांनी बरी केली. त्या आज ताठ चालत आल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, किती गुणी मुलगा आहेस तू. तेवढेच. पुढचे दोघे पाऊस येईल का वगैरे बोलत आत गेले. सगळे इतक्या प्रेमाने बोलतात, की दुसऱ्यांदा विचारणे उद्धटपणाचे वाटते. खुणा सगळ्यांच्या झाल्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार

नव्या महिन्याची पाने आखायला घेतली. नावे उतरवताना लक्षात आले, की यादीत पाळकांचे नाव नाही. मागचे महिने पाहिले. मग गेल्या वर्षीचे रजिस्टर काढले, आधीच्या दारवानाच्या हातचे. थोरल्या पाळकांचे नाव दर दिवशी आहे, त्यांनाही सूट नव्हती. या पाळकांचे नाव एकदाही नाही.

दुकानात जाऊन शिंपीकाकांना विचारले. त्यांनी मशीन थांबवले. मग सांगितले ते असे:

थोरल्या पाळकांच्या अंत्यविधीला झाडून सगळे कबरस्तानात गेले होते, दारवानसुद्धा. पेटी बाहेर काढायला दोन्ही दारे सताड उघडलेली, ती तशीच राहिली. परत आले तर हे पाळक आतल्या जिन्यावर बसलेले होते. डोळे रडून लाल. सगळ्यांना नावाने हाक मारली, प्रार्थना चालवली. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कोणीतरी बोलावून घेतले असेल. काकांना वाटले वरिष्ठांनी पाठवले, वरिष्ठांना वाटले काकांनी बोलावले. आणि प्रश्न दारात येणाऱ्याला विचारायचा असतो. हे तर आत होते.

काका म्हणाले, तीस वर्षे आम्ही दारावर डोळे लावून बसलो. घरात कोण बसलाय ते बघायचे राहूनच गेले.

मी विचारले, आधीचा दारवान कुठे आहे? पाळकांनी मला सांगितले होते, की तो आपल्या मुलीकडे राहायला गेला. काका म्हणाले, त्याच्या हाताचा कंप पाळकांनी बरा केला. मग महिनाभरात तो म्हणू लागला, की प्रश्न तोंडात येईनासा झालाय. मग गेला. आणि मुलगी कसली, त्याचे लग्नच झाले नव्हते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

भिंतीला चुना लावला. पाळक म्हणाले, उगाच भीतीची चित्रे कशाला. सात तोंडांचे श्वापद गेले. कोपऱ्यातले कोकरू तेवढे राहू दे म्हणाले, ते गोड दिसते.

२९ सप्टेंबर, रविवार

आज खूण करण्यापूर्वी मी पेन्सिलीने बाजूला खरे काय ते लिहिले. एकसष्टपैकी नऊ जणांनी वाक्य म्हटले. बावन्न जणांनी माझी विचारपूस केली.

शिंपीकाकांनी मोठ्याने, खणखणीत म्हटले. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांनी शिवी दिली.

काकांची बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत. पाळकांनी दोनदा हात पुढे केला, दोनदा काकांनी आपले हात खिशात घातले. म्हणाले, राहू दे, याच बोटांनी मी बायकोचे शेवटचे कपडे शिवले, ती माझीच आहेत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ठरवून वर गेलो. विचारायचेच होते. दारात उभा राहिलो. पाळक खिडकीशी होते, उन्हात. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी विचारले, आज आई काय काय बघते आहे? मी म्हटले, गव्हातले खडे. ते म्हणाले, बघू दे, बिचारीने फार सोसले. बघत राहू दे.

एवढेच. आवाज चढला नाही, धमकी नाही. मी खाली आलो. न विचारता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी आईला जवळ बसवले. म्हटले, दारावर नको, इथे, माझ्यासाठी एकदा ते वाक्य म्हण. तूच शिकवलेस. तिने तोंड उघडले. बराच वेळ उघडे ठेवले. मग उठून भांडी घासायला गेली. तिकडून म्हणाली, विसरले रे.

विसरली नाही. मी तिचा चेहरा पाहत होतो. ती शोधत नव्हती. ती ऐकत होती, वरच्या खोलीकडे मान करून.

दुसरे म्हणजे, आज सकाळी दार उघडताना मी स्वतः वाक्य म्हटले का, ते आठवत नाही. काल? परवा?

५ ऑक्टोबर, शनिवार

काकांची युक्ती. पाळकांसाठी ते नवा कोट शिवत आहेत, म्हणून आज शेवटचे माप घ्यायला वर जाऊन आले. परत आले ते पांढरेफटक. म्हणाले, चाळीस वर्षे मापे घेतोय. छातीला फीत लावली की माणूस श्वास घेतो आणि फीत ताणते. लहान मूल असो, म्हातारा असो. मी फीत धरून उभा राहिलो. शंभरपर्यंत मोजले. फीत हलली नाही.

उद्या कोट अंगणात घालायचा, सगळ्यांसमोर, उजेडात. त्यासाठी पाळकांना बाहेर यावे लागेल. बाहेर आले की आत यायला दार आहे. दारावर मी आहे.

काका म्हणाले, तुला फक्त विचारायचे आहे. उत्तर त्याचे त्याला देऊ दे.

मी विचारले, आईचे डोळे? काका फीत गुंडाळत राहिले.

६ ऑक्टोबर, रविवार

लिहायलाच हवे.

पाळक बाहेर आले. अंगणात कोट घातला, चपखल बसला. टाळ्या झाल्या. मग दाराकडे वळले. मागे सगळी मंडळी, पहिली आई. मी रजिस्टर घेऊन उंबऱ्यावर.

ते थांबले. म्हणाले, विचार, बाळ. सगळ्यांना विचारतोस, मला विचार.

मी आईकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती. इतके स्वच्छ डोळे.

प्रश्न तोंडात आला नाही. जीभ अडली की मी अडवली, मला सांगता येत नाही. प्रामाणिकपणे लिहितो, सांगता येत नाही.

त्यांनी रजिस्टरावर बोट ठेवले. तिथे मी रेघ आखली नव्हती, तरी त्यांचे नाव होते. माझ्या अक्षरात. मी खूण केली.

सगळे आत गेले. काका शेवटी आले. त्यांच्यासमोर पाळक उभे राहिले, माझ्या जागेवर, आणि म्हणाले, हा आपल्यातला नाही. दार लाव.

दार लावणे माझे काम आहे.

काकांनी बाहेरून वाक्य म्हटले. तीनदा. तिसऱ्यांदा आवाज फाटला. आत सगळे हसले, प्रेमाने.

७ ऑक्टोबर, सोमवार

धाकधूक नाही. मुळीच नाही. असायला हवी—

काका दिवसभर समोरच्या पायरीवर बसून होते. माझ्याकडे पाहत. मी खिडकी लावली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानाला कुलूप. फीत कडीला लटकते आहे.

पाळक म्हणाले, शिंपीकाका मुलीकडे गेले.

काकांना मूलबाळ नव्हते. मी तसे म्हणालो नाही. मान हलवली.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उंबऱ्यावर उभा राहिलो. म्हणायचा प्रयत्न केला. पहिला शब्द जिभेवर — मग खोकला — मग हसू आले. मला हसू का यावे.

आई दिवसभर काम करते. जेवत नाही. जिन्यावरून वर जाते, खाली येते. मी कान देऊन ऐकले. लाकडी जिना. तिच्या पायांचा—

१० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळ, लख्ख ऊन

म्हणता येत नाही. पण लिहिता येईल. पहिल्या पानावर आहे, माझ्याच अक्षरात. बघून उतरवायचे, बस. उतरवण्यात मी कधी चुकलो नाही. काकांसाठी. आणि ती माझी आई असेल तर तिच्यासाठीसुद्धा—

येशू

आई शेजारी गहू निवडते आहे. विचारते, ढग आले का?

येशू ख्रिस्त

म्हणते, खिडकी कोणी लावली. खिडकी उघडी आहे. ऊन तिच्या हातांवर आहे. ती खडे शोधते, सापडत नाहीत. हात ताटावरून फिरवते, पूर्वीसारखा.

धाकधूक परत आली. आली, देवा, आली.

वर कोणी उठल्याचे कळले. आवाज नाही, तरी कळले.

आई उभी राहिली. काठी चाचपते. काठी मीच फेकली. तिच्या पायांचा आवाज येतो आहे, मला ऐकू येतो आहे. म्हणते, बाळा, तू दिसेनासा झालास. जे करतोस ते थांबव. रडते आहे. तिचेच रडणे आहे. की त्यांनी तसे—

जिन्याचे दार उघडले

येशू ख्रिस्त देह